पहिल्या पुलावरचा बेडूक

सकाळी अकरा वाजता आई पुलावर मेली.

घाबरू नका, मित्रांनो. ही पडद्यावरची आई. खेळ सुरू करताना नाव विचारतात, तिथे दुसरे काही न सुचल्याने तिने ‘आई’ असे टाकले होते. खरी आई स्वयंपाकघरात, शिवणयंत्राशेजारच्या खुर्चीत, नाकावरून घसरणारा चष्मा सावरत बसली होती. पडद्यावर अक्षरे उमटली, ‘आई धारातीर्थी पडली.’ ती तिने मोठ्याने वाचली आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून ओरडली, “अगं ए, हे काय लिहून ठेवलंय? धडधाकट बसलेय मी इथे!”

बाहेरच्या खोलीतून कोणी ओ दिली नाही. तिथे तिच्या दोन मुली बसल्या होत्या. हा खेळ त्यांनीच बनवला होता, आणि आईला काही सांगायचे नाही, असे दोघींचे ठरले होते.

आईला मारले ते मी. मी एक जुना बेडूक आहे. खेळ अजून बाजारातही आलेला नाही, मग मी जुना कसा, असे तुम्ही विचाराल. त्यातली सगळी पात्रे माझ्यानंतर आली, म्हणून मी जुना. शिवाय आमचा खेळच जुन्या ढंगाचा आहे. चित्रे ठसठशीत चौकोनांची, रंग मोजकेच, आणि लढाई पाळीपाळीने. एक वार तुमचा, मग एक माझा. तुम्ही एका गावातून निघता, कुरण ओलांडता, नदीवरच्या पुलाशी येता. त्या पुलाच्या मधोमध मी बसलेला असतो.

माझा जन्म चौकटीच्या कागदावर झाला. थोरली खेळ लिहिते आणि धाकटी चित्रे काढते. थोरलीला पुलावर सिंह हवा होता. धाकटीने तो काढला, पण एवढ्या थोड्या चौकोनांत आयाळ मावेना. सिंह केरसुणीसारखा दिसू लागला. “हा पुलावर पहारा देणार की पूल झाडणार?” थोरलीने विचारले. मग धाकटीने रुंद, बैठा, अंगावर एकही केस नसलेला प्राणी निवडला. डोळ्यांत पिवळा भरला, पोटाला फिका हिरवा दिला. मागची बाजू मात्र काढलीच नाही. मी नेहमी खेळणाऱ्याच्या समोर असतो, तेव्हा पाठ कोण बघणार, असा तिचा हिशेब होता. त्यामुळे मला वळता येत नाही. माझ्या मागे काय आहे ते मी आजवर पाहिलेले नाही.

थोरलीने मला ताकद दिली. आमच्या जगात ताकद म्हणजे एक आकडा असतो. कुरणातल्या गोगलगायी आणि भुंगे एका फटक्यात उलटे पडतात. माझ्यासाठी तिने असा आकडा ठरवला, की माझ्या जिभेचा दुसरा फटका बसला की नवखा माणूस आडवा झालाच पाहिजे. गोगलगाय आणि मी, यांच्यामध्ये काहीही नव्हते. कुरण संपले की मी.

बोलायला मला एकच वाक्य मिळाले. कोणी समोर आले की मी म्हणतो, ‘अजून वेळ आहे.’ तुझी तयारी झालेली नाही, नंतर ये, असे थोरलीला सुचवायचे होते. खेळणाऱ्यांना वाटायचे, घाई नाही, सावकाश चालू दे. ते सावकाश पुढे यायचे आणि मी त्यांना गिळायचो.

हे सगळे थोरलीने दुष्टपणाने केले असे समजू नका. त्याला एक कारण आहे, आणि ते समजले नाही तर पुढचे काहीच समजणार नाही.

आई शिंपीण. एका अरुंद गल्लीत तिचे स्वतःचे दुकान होते. कापड बेतायच्या मोठ्या टेबलाखाली मुली शाळेतून येऊन बसत. कुणा गिऱ्हाइकाने टाकून दिलेले खेळाचे एक यंत्र त्यांना मिळाले होते. वर आईची कात्री चाले आणि खाली या दोघी काळ्या किल्ल्यात रस्ता शोधत. त्या खेळात कोणी काही सांगत नसे. कुठे जायचे, काय घ्यायचे, कोणाशी लढायचे, सगळे आपणच हुडकायचे. महिनेच्या महिने त्या एका दारापाशी अडकल्या होत्या, आणि ते दार उघडले त्या दिवशी थोरलीचे डोके आनंदाने टेबलाला आपटले होते. पुढे रस्ता रुंद झाला, दुकान गेले. आई घरी आली. आता ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पँट आखूड करते आणि चेन बदलून देते.

त्या आनंदासारखा आनंद दुसऱ्यांना द्यावा, म्हणून थोरलीने आमचा खेळ लिहायला घेतला. आणि पुलापलीकडच्या गावात, पहिल्याच वळणावर, दोघींनी आईचे दुकान पुन्हा उभे केले.

ते दुकान मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. ते काढताना दोघी पडद्यासमोर भांडत होत्या.

“आरशाचा कोपरा तुटका काढ,” थोरली म्हणाली.

“चांगला आरसा काढलाय. कशाला तोडू?”

“अख्खा काढलास तर ओळखणारच नाही ती.”

धाकटीने कोपरा तोडला. भिंतीवर मोजपट्ट्यांच्या खुंट्या आल्या, मापे लिहायची पाटी आली, बिनडोक्याचा पुतळा आला. खुर्ची मात्र रिकामी ठेवली. जो खेळेल त्याने त्या खुर्चीत बसायचे. बसले की शिवणयंत्राचा आवाज सुरू होतो. तो आवाज त्यांनी एका दुपारी, भाजी निवडायला बसल्याचे नाटक करून, आईच्या यंत्राजवळ फोन ठेवून टिपला होता.

तर असे आहे, मित्रांनो. आईसाठी जपून ठेवलेली वस्तू पुलाच्या पलीकडे होती आणि पुलावर मी होतो. खेळ संपवण्याशी आईला काही देणेघेणे नव्हते. तिने पलीकडे जाणे, एवढीच गोष्ट होती.

माझे सुरुवातीचे दिवस कौतुकाचे गेले. दोघींच्या ओळखीच्या काही जणांना खेळ तपासायला दिला होता. त्यांचे निरोप येत. “काय बेडूक आहे!” “गिळला राव पुन्हा.” थोरली ते निरोप मोठ्याने वाचून दाखवी. तिला ती शाबासकी वाटे. “बघ, लक्षात राहतोय की नाही,” ती धाकटीला म्हणे. मलाही मान ताठ झाल्यासारखी वाटे, जरी धाकटीने मला मान काढलेली नाही.

मग निरोप कमी झाले. पुलावर येणारेही कमी झाले. एकेक जण यायचा, दोनतीनदा मरायचा, आणि पुन्हा दिसायचा नाही. नदीचे पाणी हलल्याचे चित्र वरचेवर तेच फिरत राही. भुंगे कुरणात नुसते घिरट्या घालत. पहारेकऱ्याला पहाऱ्यासाठी माणसे लागतात, हे मला तेव्हा कळले.

एक गोष्ट मला खटकत होती. जो येई त्याच्या हातात एक खडा असे. नदीकाठी धाकटीने शोभेसाठी काळे, गोल खडे काढले होते. ते उचलता येत आणि फेकता येत, पण त्याने कोणाचे काही बिघडत नसे. तरी प्रत्येक जण आधी वाकून खडा उचले, मग पुलावर येई आणि माझ्या कपाळावर तो फेके. टक्, असा आवाज होई. मग मी जीभ काढी. लहान, मोठे, हुशार, धांदरट, सगळे तसेच. मला वाटले, बाहेरच्या जगात बेडकाला खडा मारण्याची रीत असेल.

थोरलीनेही ते पाहिले होते. खेळणाऱ्यांची लढाई ती नंतर पुन्हा लावून बघत असे. “लोकांना खडे वेचायला फार आवडतं,” ती म्हणाली, आणि तिने काठावरचे खडे वाढवले.

पुलाच्या गावाकडच्या टोकाला एक लाकडी पाटी आहे. पूल ओलांडण्याआधी काय करावे, ते त्या पाटीवर लिहिलेले आहे. पण तिचे तोंड गावाकडे आणि पाठ माझ्याकडे. तिच्यावर काय आहे ते मला वाचता येत नव्हते. थोरलीला आणि धाकटीला वाचायची गरज नव्हती, कारण ते त्यांनीच लिहिले होते.

परवा खेळ विकणाऱ्या कंपनीतल्या ताईंचा निरोप आला. थोरलीने तो या वेळी मोठ्याने वाचला नाही. धाकटीने तिच्या खांद्यावरून वाचला. बहुतेक लोक पहिल्या पुलावरूनच परत जातात, तेव्हा बेडूक काढून टाका आणि सोमवारी खेळ पाठवा, असा तो होता.

“लोकांना पाटी वाचायचा कंटाळा,” थोरली म्हणाली. “सगळं आयतं हवं.”

“मग काढू या ना बेडूक.”

“का म्हणून? आपल्याला कोणी सांगितलं होतं का काही? आपण शोधलंच ना सगळं?”

“आपण पोरी होतो. दुसरं काम काय होतं आपल्याला?”

“हे बघ, उत्तर हातात ठेवलं की मजा गेली. पाटी आहे. पाटीवर सगळं स्वच्छ लिहिलंय. याहून जास्त काय करू? बेडकाच्या गळ्यात घंटा बांधू?”

धाकटीने सुचवले की आईला खेळू द्यावे. नाहीतरी तिच्याचसाठी ते दुकान होते. तिने आयुष्यात असा खेळ खेळलेला नव्हता. ती पार झाली तर कोणीही होईल, आणि मग बेडूक राहील. नाही झाली तर बेडूक निघेल. थोरलीने हात पुढे केला आणि पैज ठरली. कोणी काही सांगायचे नाही, ही अट थोरलीची.

माझ्या राहण्याजाण्याचा निकाल असा आईच्या हाती गेला, आणि आईला त्याचा पत्ता नव्हता.

आई काल दुपारी पहिल्यांदा पुलावर आली. बाणांच्या बटणांवर तिची बोटे फार जोरात पडत होती. ती भिंतीवर आपटे, झाडाला अडके, आणि झाडालाच “सरक की बाजूला” म्हणे. गोगलगायीला मारताना तिला वाईट वाटले. पण ती सोडून देणाऱ्यातली नव्हती. मरून गावात परत गेली की पुन्हा कुरण, पुन्हा नदीकाठ, पुन्हा वाकून एक खडा, पुन्हा पूल. टक्. आणि मी जीभ काढायचो. तिला वाचवणे माझ्या हातात नाही, मित्रांनो. कोणता फटका कधी मारायचा ते थोरलीने लिहून ठेवलेले आहे, आणि तो कितपत लागायचा ते पडद्यामागचा फासा ठरवतो.

आज सकाळी अकरा वाजता ती पुन्हा मेली तेव्हा तिने बटणे बाजूला सारली.

“झालं माझं,” ती आतूनच म्हणाली. आवाजात आता थट्टा नव्हती. “तुमचं तुम्हीच खेळा. माझ्या डोक्याचं काम नाही हे. उगाच तुमचं मशीन अडकवून बसलेय.”

बाहेर थोरलीने खुर्ची मागे सरकवली, पण उठली नाही. धाकटी उठली.

“सांगू नकोस हं,” थोरली म्हणाली.

“सांगत नाहीये. विचारतेय.”

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आईने पडद्याकडे पाठ केली होती आणि ती दोरा ओवत होती.

“आई, पाटी वाचलीस का गं तू?”

“वाचली नाही तर काय! तोंडपाठ झालीय. ‘खडा घेऊनच पूल ओलांड.’ घेतला की खडा. दर वेळी घेतला. एकदा तर दोन घेतले, म्हटलं एक हुकला तर दुसरा.”

धाकटी दारातून आत आली. मग म्हणाली, “काय घेतलास?”

“खडा. नदीकाठचा. तो काळा, गुळगुळीत. चुकीचा घेतला का? पांढरा घ्यायचा होता?”

“अगं, इकडे ये,” धाकटीने बाहेर हाक मारली. “लवकर ये.”

थोरली आली. आईने पुन्हा तेच म्हणून दाखवले. थोरली हसायला लागली आणि मध्येच थांबली.

“खडा नाही गं आई. खंडा! खंडा म्हणजे तलवार, रुंद पात्याची. गावातल्या वाऱ्याच्या गिरणीच्या माळ्यावर ठेवलीय. ती घेतल्याशिवाय बेडूक मरतच नाही.”

“मग तसं लिहायचं ना! टिंब कुठाय?”

“आहे टिंब.”

“कुठाय? दाखव.”

“आई, मी स्वतः लिहिलंय.” थोरलीने बाहेरून आपला संगणक उचलून आणला, फाईल उघडली आणि आईसमोर धरली. ‘ख’च्या डोक्यावर टिंब होते. “हे बघ. आहे की नाही?”

“फायलीत असेल,” आई म्हणाली. “मी फाईल खेळत नाहीये.”

मग तिघींची डोकी पडद्याजवळ आली. मी त्यांना इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. धाकटीने पाटीचे चित्र मोठे करत नेले, आणि जे झाले होते ते सापडले.

आमच्या खेळातले अक्षर आठ ओळींच्या चौकोनात बसवलेले आहे. तेवढ्यात शिरोरेषा, काना, उकार, सगळे कोंबायचे. मात्रा शिरोरेषेला टेकलेली असते, म्हणून ती अर्धी का होईना, दिसते. अनुस्वाराला मात्र एकच ठिपका मिळतो, तोही सगळ्यात वरच्या ओळीत, अधांतरी. आणि ती ओळ पाटीच्या चौकटीखाली गेली होती. पाटी लोकांच्या नजरेत भरत नाही, तिची चौकट जाड कर, असे थोरलीनेच मागे सांगितले होते. धाकटीने ती एका ठिपक्याने जाड केली होती. ‘ओलांड’वरचे टिंबही त्यात गेले होते. पण ‘ओलाड’ असा शब्दच नाही, म्हणून वाचणाऱ्याचा डोळा ते टिंब आपणच लावून घेई. ‘खडा’ हा शब्द आहे. नदीकाठी तो पडलेलाही आहे. मग शंका कोणाला येणार?

“आणि मी खडे वाढवले,” थोरली म्हणाली आणि मटकन खाली, फरशीवरच बसली.

“सगळे वाचत होते,” धाकटी हळूच म्हणाली. “आपण म्हणत होतो, कोणी वाचतच नाही. सगळ्यांनी वाचलं. जे दिसलं तसंच केलं.”

मीही तेव्हाच समजलो, की कपाळावर खडा मारण्याची अशी काही रीत नाही. ती सगळी माणसे सांगितलेले नीट ऐकत होती, आणि त्याबद्दल मी त्यांना गिळत होतो.

थोरलीने लगेच संगणक मांडीवर ओढला. “मी बेडकाची ताकद निम्मी करते. नाहीतर काढूनच टाकते त्याला. कंपनीचंही तेच म्हणणं आहे.”

“काढून टाकते?” आई म्हणाली. “कोणाला?”

“बेडकाला.”

“अगं, काल दुपारपासून झटापट चाललीय माझी त्याच्याशी. आता काढून टाकते म्हणे! आणि मी पार झाले असं कुणाला सांगू? रिकाम्या पुलावरून तर कोणीही जाईल. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? त्याला बसवलं तिथे तो बसला.”

मित्रांनो, बेडकाला डोळे मिटता येतात, पण धाकटीने माझ्या पापण्या काढलेल्या नाहीत. नाहीतर त्या वेळी मी ते मिटले असते.

“तुम्हीच हट्टी,” आई पुढे म्हणाली. “टिंब लावा आधी. आणि काय गं, ती गोगलगाय आणि मग एकदम हा धटिंगण? जिना बांधताना पहिली पायरी आणि गच्ची, एवढंच बांधतात का?”

“जुन्या खेळांत असंच असायचं, आई. कोणी काही सांगायचं नाही. आम्ही दोघींनी स्वतः शोधलं होतं सगळं.”

“कुठलं स्वतः? किल्लीवाल्यांनी सांगितलं तुम्हाला.”

थोरलीने मान वर केली. “कोण किल्लीवाले?”

“शेजारचे! किल्ल्या घासून द्यायचे ते. त्यांच्याकडेही तसलंच मशीन होतं. गिऱ्हाईक नसलं की खेळत बसायचे. तुम्ही दोघी संध्याकाळी त्यांच्या दारात उभ्या. काका, दार उघडत नाही. काका, तो साप मरत नाही. ते हातातलं काम टाकून हात हलवून हलवून सांगायचे. मला तर वाटायचं, काय सांगतायत एवढं, किल्ली करायला शिकवतायत की काय.”

“ते दार…” थोरली म्हणाली.

“त्यांनीच सांगितलं,” धाकटी म्हणाली. “मला आठवतंय. मशालीने जाळं जाळायचं. तू पळत आलीस आणि टेबलाला डोकं आपटलंस.”

थोरलीचा हात आपोआप डोक्याकडे गेला. दार उघडल्याचा आनंद तिला लक्षात राहिला होता आणि सांगणारा माणूस मात्र ती विसरली होती. तसे होते, मित्रांनो. त्यात लबाडी नसते. पण आमच्या खेळात किल्लीवाले काका नव्हते. गिरणीवाला होता, तोही ‘आज वारा नाही’ एवढेच म्हणायचा.

त्यानंतर काम झाले ते भराभर झाले. धाकटीने पाटीवरची अक्षरे एक ओळ खाली घेतली. ‘खंडा’वरचे टिंब उजेडात आले. थोरलीने कुरण आणि पूल यांच्यामध्ये, लव्हाळ्यात, एक खेकडा बसवला. तो गोगलगायीहून दणकट आणि माझ्याहून पुष्कळ नरम आहे, आणि त्याला हरवणाऱ्याची ताकद वाढते. ज्याला खेकडा जमत नाही त्याला मी जमणार नाही, हे त्याला पुलावर येण्याआधीच कळेल. गिरणीवाल्याला तिने दुसरे वाक्य दिले. ‘माळ्यावर जुना खंडा पडून आहे. बेडकाकडे जाणार असशील तर ने.’ ते टाइप करून ती खोडायच्या बटणावर बोट ठेवून बसली. एवढे सांगणे तिला अजूनही जास्त वाटत असावे. पण तिने ते खोडले नाही. माझ्या ताकदीला तिने हात लावला नाही, कारण आईने लावू दिला नाही.

पैज चालू आहे की मोडली, ते कोणी बोलले नाही. पण कंपनीला जायच्या खेळाची दुसरी प्रत, बेडूक नसलेली, धाकटीने करून ठेवली आहे. मी पडद्याच्या आत असलो तरी मला ती दिसली. तिच्यात पूल आहे, पाणी आहे आणि मधे मोकळी जागा आहे.

मित्रांनो, इथे मला तुमच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. खेळात किंवा शाळेत, एखाद्या पुलावर तुम्ही पुन्हापुन्हा पडत असाल, तर लगेच आपल्या डोक्याला नावे ठेवू नका. पाटी कोणी आणि कशी लिहिली आहे, तेही एकदा बघा. शेजारी किल्लीवाले काका असतील तर त्यांना विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. आणि उद्या तुम्ही कोणासाठी पूल बांधलात, पाटी लावलीत, खेळ लिहिलात, तर ती पाटी दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या. आपले लिहिलेले आपण वाचतच नसतो, मनातले म्हणतो. ज्याच्यासाठी पलीकडे काही जपून ठेवले आहे, तो अलीकडेच थकून परत गेला, तर त्या जपण्याचा काय उपयोग?

दुपारी आई पुन्हा निघाली. खेकड्याने तिला एकदा मारले. दुसऱ्या खेपेला तिने खेकड्याला उलटा केला आणि “आता बोल” म्हणाली. गिरणीवाल्याचे वाक्य तिने दोनदा वाचले. माळ्यावरून खंडा काढला. पाटीपाशी थांबून तीही पुन्हा वाचली. मग ती पुलावर आली. हातात खडा नसलेली पहिली व्यक्ती.

मी माझे वाक्य म्हटले. तिने वार केला. खंड्याचा घाव मला पहिल्यांदाच लागला. आवाज काय होतो ते मला माहीत नव्हते, कारण तो आजवर कधी वाजलाच नव्हता. मी जीभ काढली. ती मेली नाही. तिने पुन्हा वार केला, मी पुन्हा जीभ काढली. एकदा तिचा घाव हुकला आणि दाराशी उभ्या असलेल्या थोरलीने तोंडावर हात दाबला. धाकटी आईच्या खुर्चीची पाठ धरून उभी होती. फासा पडत होता. एकदा तिच्या बाजूने, एकदा माझ्या.

मला हरायचे आहे. मी हरलो तरच मला पुलावर राहता येईल, आणि मी जिंकलो तर सोमवारी दुसरी प्रत जाईल. पण माझ्या जिभेला हे कळत नाही.

आता स्थिती अशी आहे. माझ्यात एका घावापुरती ताकद उरली आहे. आईमध्ये एका फटक्यापुरती. पाळी आईची आहे. पडद्यावर ‘वार’ आणि ‘बचाव’ असे दोन शब्द आहेत आणि खूण ‘वार’वर उभी आहे. खंडा दर वेळी लागतोच असे नाही.

आईने बटणावरचा हात उचलला.

“थांबा गं,” ती म्हणाली, “आधी चहा टाकते.”

“आई!” दोघी एकदम ओरडल्या.

“ओरडू नका. तो कुठे पळून जातोय?”

ती उठली. आधण ठेवले आहे. ते अजून उकळलेले नाही.